काउंट शून्यावर असताना: बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या पेशंटची सोबत कशी करावी

नाशिकमध्ये एखाद्या घरात बोन मॅरो ट्रान्सप्लांट ठरलं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, ‘ऑपरेशन किती तासांचं आहे?’ खरं तर यात ऑपरेशन नसतंच. पेशंटच्या छातीत किंवा दंडात एक नळी बसवलेली असते, तिला सगळे ‘लाइन’ म्हणतात. त्या लाइनमधून रक्ताच्या पिशवीसारखी दिसणारी एक पिशवी चढवतात. तासाभरात, कधी थोड्या जास्त वेळात ती संपते. त्या दिवसाला ‘डे झीरो’ म्हणतात. बाहेर जमलेल्या मंडळींना वाटतं, झालं एकदाचं. पण अवघड दिवस त्यानंतर येतात. पुढचे दोन ते चार आठवडे पेशंट एका बंद खोलीत असतो आणि त्याच्यासोबत घरचं एकच माणूस. हा लेख त्या एका माणसासाठी आहे, आणि बाहेर ताटकळणाऱ्या बाकीच्यांसाठीही.

माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, ट्रान्सप्लांट मुंबईत झालं. खोलीतली सोबत वहिनी आणि मी आळीपाळीने केली; आई-अण्णा पिंपळगावला घरी होते. मी डॉक्टर नाही. इथे लिहिलंय ते डॉक्टरांना आणि सिस्टरांना विचारून विचारून समजून घेतलेलं आहे. तुमच्या ट्रान्सप्लांट युनिटचा नियम याहून वेगळा असेल तर नियम त्यांचाच पाळायचा.

त्या आठवड्यांत एक गोष्ट मला पक्की पटली. पेशंटकडे रोज अगदी मोजकी ताकद असते, आणि आपण घरचेच मायेपोटी ती संपवून टाकतो. ‘माझ्यासाठी दोन घास खा’, ‘मामा फोनवर आहेत, दोन शब्द बोल’, ‘आज कालच्यापेक्षा बरं वाटतंय ना?’ यातलं प्रत्येक वाक्य म्हणजे त्याच्या अंगावर टाकलेलं एक काम असतं. त्याला ती ताकद लागते तोंडाची निगा राखायला, चार पावलं चालायला, छातीचा व्यायाम करायला आणि अंघोळीला. ही कामं त्याच्याऐवजी दुसरं कुणी करू शकत नाही. बाकीची सगळी त्याच्या अंगावरून काढून घेता येतात, आणि ती काढून घेणं हेच सोबतीच्या माणसाचं काम.

आत काय चाललेलं असतं

हाडांच्या आत जो मऊ मगज असतो तोच बोन मॅरो. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट, तिन्ही तिथेच तयार होतात. अप्लास्टिक ॲनिमिया किंवा थॅलेसेमियात मगजाचं कामच बिघडलेलं असतं. ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा या रक्ताच्या कर्करोगांत आजार संपवण्यासाठी इतकी जबर किमो द्यायची असते की तिच्यात मगजही टिकत नाही. म्हणून आधी ती किमो, काहींना जोडीला रेडिएशन, आणि त्यानंतर निरोगी मूळ पेशी, म्हणजे ज्यांच्यापासून रक्ताच्या सगळ्या पेशी तयार होतात त्या स्टेम सेल, शिरेतून आत सोडतात.

या पेशी पेशंटच्याच, आधी काढून गोठवून ठेवलेल्या असतील तर त्याला ऑटोलोगस म्हणतात. मायलोमात बहुधा हेच करतात. भावंडाच्या, आई-वडिलांच्या, मुलाच्या किंवा अनोळखी दात्याच्या असतील तर ॲलोजेनिक. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारात एक असते. आई-वडील आणि मुलं यांच्याशी निम्मी जुळणी तर असतेच, आणि आता निम्म्या जुळणीवरही ट्रान्सप्लांट होतं. हा फरक घरातल्या सगळ्यांना पहिल्याच दिवशी समजावून सांगा, कारण शेजारच्या खोलीशी तुलना होतेच. ऑटोचा पेशंट बहुधा दोन-तीन आठवड्यांत घरी जातो. ॲलोच्या पेशंटला महिना किंवा त्याहून जास्त लागतो आणि सुट्टी मिळाल्यावरही साधारण शंभराव्या दिवसापर्यंत हॉस्पिटलच्या जवळ राहावं लागतं. तो मागे पडलेला नसतो, त्याचा उपचारच वेगळा असतो.

आत गेलेल्या पेशी रक्तातून वाहत आपल्या आपण हाडांपर्यंत पोहोचतात आणि तिथे रुजतात. आमच्या निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत डॉगरिजच्या खुंटावर थॉमसनची काडी बांधतात. कलम बांधलं की पट्टी सोडून आत डोकवायचं नसतं. डोळा फुटेपर्यंत पाणी सांभाळत थांबायचं. इथेही तसंच थांबायचं असतं. पेशी रुजल्याची खूण मात्र ठरलेली आहे. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिल्या की एनग्राफ्टमेंट झाली असं मानतात. ऑटोमध्ये हे साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी होतं, ॲलोमध्ये बहुतेकदा चौदाव्या ते एकविसाव्या दिवशी, कधी आणखी उशिरा.

घरातल्या वडीलधाऱ्यांना धास्ती असते की हा काही नवा प्रयोग तर नाही ना. त्यांना सांगा, भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये १९८३ साली झालं, आणि ही पद्धत घडवणाऱ्या डॉ. डोनल थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. टाटाचं हे युनिट आता खारघरला ॲक्ट्रेक या टाटाच्याच केंद्रात आहे, पुण्यातही अनेक ठिकाणी ही सोय आहे, आणि नाशिकच्या माणसाला आता प्रत्येक वेळी कसारा घाट उतरावा लागतोच असं नाही.

कोणत्या दिवशी काय होतं

डे झीरोला खोलीत लसणासारखा उग्र वास आला तर दचकू नका. गोठवलेल्या पेशी टिकवायला जे रसायन वापरतात त्याचा तो वास. पेशंटच्या श्वासाला तो एक-दोन दिवस येत राहतो आणि त्याला स्वतःला बहुधा जाणवतही नाही. लघवी लालसर झाली तर सिस्टरांना सांगा. पिशवी चढवल्यावर काही तास तसं होऊ शकतं.

पहिले चार-पाच दिवस फसवे असतात. पेशंट उठून बसतो, गप्पा मारतो, मोबाइलवर मॅच बघतो. किमोचा परिणाम मागाहून उतरतो. साधारण पाचव्या दिवसापासून तोंड सोलवटायला लागतं, गिळताना घसा दुखतो, जुलाब होतात, ताप येतो, केस पुंजक्या-पुंजक्याने उशीवर राहतात. काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, शून्याजवळ जातात आणि तिथेच अडून बसतात. हे दिवस बघवत नाहीत. पण ते येणार हे डॉक्टरांना आधीपासून ठाऊक असतं, आणि ट्रान्सप्लांट फसलं असा त्याचा अर्थ नसतो. मी हे आधी वाचून गेले होते, म्हणून सातव्या-आठव्या दिवशी वहिनी रडायला लागली तेव्हा तिला धरून ठेवता आलं.

पांढऱ्या पेशी वर येऊ लागल्या की तोंडाची जखमही भरू लागते. काउंट वाढवण्याची इंजेक्शनं चालू असतील तर कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकतात. त्यासाठी आपल्या मनाने पॅरासिटॅमॉल देऊ नका, तापाची खूण त्यात दडपली जाते. सिस्टरांना सांगा.

रोज पहाटे रक्त घेतात आणि मग सगळं घर न्यूट्रोफिलच्या त्या एका आकड्याची वाट बघतं. रिपोर्टमध्ये कधी ०.२ लिहिलेलं असतं, कधी २००. दोन्हींचा अर्थ एकच, फक्त मोजण्याचं एकक वेगळं. आकडा १०० वरून ३०० झाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा २०० झाला, असं होतं. दोन-तीन दिवसांचा कल बघायचा असतो. माझं स्पष्ट मत आहे की पेशंटने स्वतःहून विचारल्याशिवाय त्याला रोजचा आकडा सांगू नये. आकडा वाढवणं त्याच्या हातात नसतं, पण वाढला नाही की त्याला उगाच अपराधी वाटतं.

ॲलोच्या पेशंटमध्ये काउंट आल्यावर आणखी एका गोष्टीवर नजर ठेवायची असते. दात्याच्या पेशींना पेशंटचं शरीर परकं वाटू शकतं आणि त्या त्याच्यावरच हल्ला करतात. याला जीव्हीएचडी म्हणतात. तळहात-तळपायांवर किंवा कानांमागे लाल पुरळ, पाण्यासारखे वारंवार जुलाब, डोळ्यांत पिवळेपणा ही त्याची चिन्हं. हे दिवसभर सोबत असलेल्या माणसाच्या डोळ्यांना डॉक्टरांच्याही आधी दिसू शकतं. ते होऊ नये म्हणून सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस देतात. ज्या दिवशी त्या औषधाची रक्तातली पातळी तपासायची असते, त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच घ्यायची. आधी घेतली तर आकडा खोटा वर दिसतो आणि डोस चुकीचा ठरतो. हे काम पेशंटच्या आठवणीवर सोडू नका.

जी कामं फक्त त्यालाच करायची असतात

तोंडाची निगा सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत त्रासाची. सांगितलेल्या औषधाने किंवा मीठ-सोड्याच्या पाण्याने दिवसातून चार-सहा वेळा चुळा भरायच्या असतात. तोंड सोललेलं असताना त्या नकोशा होतात, पण तोंडातले जंतू त्या जखमेतूनच रक्तात शिरतात. दुखणं थांबवणारं औषध चुळांच्या आधी मिळेल असं सिस्टरांशी बोलून ठरवा. मॉर्फिन लिहून दिलं तर ‘सवय लागेल’ म्हणून नको म्हणू नका. त्या जखमेला ते लागतं आणि तोंड भरून आलं की डॉक्टर ते कमी करत आणतात. मायलोमात मेल्फालन नावाची किमो देताना तोंडात बर्फ धरायला सांगतात. त्या गारठ्याने तोंडातल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, औषध तिथे कमी पोहोचतं आणि पुढे तोंड कमी सोलतं. बर्फ कितीही नकोसा झाला तरी तेवढा वेळ त्याला साथ द्या.

दुसरं चालणं. पडून राहिलं की स्नायू फार झपाट्याने झिजतात आणि छातीत कफ साठतो. जेवताना पलंगावर न बसता खुर्चीत बसणं, खोलीतल्या खोलीत पाच-सहा फेऱ्या, एवढं पुरतं. मात्र एकट्याने कधीच नाही. प्लेटलेट दहा-वीस हजारांपर्यंत उतरलेल्या असताना बाथरूममध्ये पाय घसरून डोक्याला लागलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसवा, मग उभं करा. रात्री लघवीला उठताना हाक मारायला पेशंट संकोचतो, ‘तुझी झोप मोडायला नको’ म्हणतो. म्हणून झोपण्यापूर्वीच बजावून ठेवा.

छातीच्या व्यायामासाठी तीन छोट्या चेंडूंचा तो फुंकायचा, खरं तर श्वास आत ओढायचा डबा, स्पायरोमीटर, तासा-दोन तासांनी. अंघोळ किंवा अंग पुसणं रोज, लाइनची पट्टी कोरडी ठेवून. पट्टी ओली झाली, सुटली, आजूबाजूला लाल झालं तर लगेच सांगा.

ही कामं करून घेताना मागे लागायचं नाही. ‘चालायला जायचंय का?’ असं विचारलं की उत्तर ‘नको’ येतं. वहिनी नुसती चप्पल पुढे ठेवायची आणि सलाइनचा स्टँड हातात घेऊन उभी राहायची. दादा उठायचा.

ताट

आपल्याकडे आजारी माणसाने खाल्लं नाही म्हणजे सोबत करणारी बाई कमी पडली, असं कुणी न बोलताही सगळे समजतात. हे मनातून काढून टाका. त्या दिवसांत जिभेची चव गेलेली असते, घशात जखम असते, आतडी सुजलेली असतात. पेशंटला खरोखर खाता येत नाही. वजन फारच उतरलं किंवा गिळताच येईना तर लाइनमधून किंवा नाकातल्या नळीतून पोषण देता येतं, डॉक्टर ते ठरवतात. तुम्ही फक्त वाटीत काय होतं आणि त्यातलं किती पोटात गेलं ते लिहून ठेवा. सकाळी आहारतज्ज्ञ येतात तेव्हा ‘काहीच खात नाही हो’ या वाक्याचा त्यांना उपयोग नसतो. ‘अर्धी वाटी पेज, दोनदा उलटी’ याचा होतो.

काय चालतं? कुकरमध्ये नीट शिजलेलं, ताजं, गरम असताना वाढलेलं. मऊ खिचडी, तांदळाची पेज, मुगाचं कढण, रव्याची खीर, उकडलेला बटाटा, पूर्ण शिजलेलं अंडं. काय नको? कच्चं काहीही. वरून भुरभुरलेली कोथिंबीर, काकडीची कोशिंबीर, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, बाहेरचा ज्यूस, घरी विरजलेलं दही, न उकळलेलं पाणी. नाशिकच्या माणसाला मिसळीवर कच्चा कांदा आणि लिंबू नाही हे ऐकवत नाही, पण मिसळच सध्या नाही. द्राक्षं तर नाहीतच, स्वतःच्या बागेतली आणि धुतलेली असली तरी, कारण घडातल्या प्रत्येक मण्याचं साल निर्जंतुक करता येत नाही. जाड सालीचं केळं किंवा संत्रं काही युनिटमध्ये चालतं, काहींत नाही. इतक्या कडक पथ्याने संसर्ग खरंच कमी होतो का, याबद्दल डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत आणि म्हणून युनिटगणिक नियम बदलतो. त्या वादात आपण पडायचं नाही. आपल्या युनिटची यादी भिंतीवर लावायची आणि तीच पाळायची. एक फळ मात्र सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस चालू असेतो कुठेच चालत नाही, ते म्हणजे पपनस आणि त्याच्या जातीचं ग्रेपफ्रूट. त्याने औषधाची रक्तातली पातळी धोकादायक वाढू शकते.

पिशवीतून येणारं प्रेम

प्लेटलेट कमी आहेत हे कळलं की गावाकडून पपईच्या पानांचा रस येतो, किवी येते, बकरीचं दूध येतं. पाठवणाऱ्याला समजावून सांगा: इथे प्लेटलेट कमी आहेत कारण त्या बनवणारा मगजच अजून रुजायचा आहे, आणि पानांचा कच्चा रस म्हणजे जंतूंना आमंत्रण. गुळवेलीचा काढा तर मुळीच नको. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची माहिती मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती, आणि ट्रान्सप्लांटमध्ये यकृत आधीच औषधांनी दमलेलं असतं.

अंगारा, तीर्थ, पंचामृत, मनगटातला दोरा यांचं काय करायचं? आमच्या घरी सप्तशृंगीवर सगळ्यांची श्रद्धा. वणीहून आलेला प्रसाद आईने देवघरात ठेवला, दादासाठीचा नारळ घरातल्या सगळ्यांनी खाल्ला आणि आईने फोनवर त्याला तेवढं सांगितलं. ओला राहणारा दोरा किंवा राख लाइनच्या आसपास नको, एवढाच मुद्दा आहे. नामस्मरणाला, हळू आवाजातल्या आरतीला युनिटमध्ये सहसा मनाई नसते. ज्या पेशंटला त्याने बरं वाटतं त्याला ते जरूर द्या. फुलं, हार, तुळशीची कुंडी मात्र दाराबाहेरच. मातीत आणि फुलांच्या पाण्यात बुरशी असते, आणि पांढऱ्या पेशी नसताना बुरशीचा संसर्ग जिवावर बेततो.

बाहेरच्या मंडळींसाठी

‘आम्ही काय करू?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला काम देता येतं. पहिलं काम प्लेटलेट दात्यांचं. एका दात्याकडून मशीनवर काढलेल्या प्लेटलेटला एसडीपी म्हणतात. त्या जेमतेम पाच दिवस टिकतात, म्हणून एकाच दिवशी वीस मित्र आणून उपयोग नसतो. यादी करून क्रमाने बोलवावे लागतात. नाशिकच्या सिडको, सातपूरची पोरं सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने येत आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत जात. तीन जण येणारे आणि दोन राखीव, असा तक्ता दादाच्या एका मित्राने ठेवला होता. दात्याने नाश्ता करून यावं आणि आधीचे काही दिवस ॲस्पिरिनसारखी गोळी घेतलेली नसावी. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ॲलो ट्रान्सप्लांट होणार असेल तर आधीच्या काळात सख्ख्या नातेवाइकांनी पेशंटला रक्त देऊ नये, कारण त्यामुळे त्याचं शरीर दात्याच्या पेशींना आधीच विरोध करायला शिकू शकतं. ट्रान्सप्लांटनंतर चढवलं जाणारं रक्त आणि प्लेटलेट रेडिएशन देऊन सुरक्षित केलेले असावे लागतात. पिशवीवर तसं लेबल असतं. ॲलोनंतर पेशंटचा रक्तगटही हळूहळू दात्याचा होतो, तेव्हा ‘आमचा तर बी पॉझिटिव्ह’ म्हणून रक्तपेढीशी वाद घालू नका.

दुसरं काम कागदपत्रांचं. मुख्यमंत्री सहाय्यता निधी, विम्याची मंजुरी, लहान मुलाला थॅलेसेमिया किंवा अप्लास्टिक ॲनिमिया असेल तर कोल इंडियाच्या मदतीने चालणारी थॅलेसेमिया बाल सेवा योजना, या सगळ्यासाठी एकच माणूस नेमा. तो खोलीतला नसावा.

तिसरं काम फोनचं. रोज संध्याकाळी एकाच व्यक्तीने सगळ्यांना एकच निरोप पाठवायचा: आज ताप होता का, झोप लागली का, कुणी काय करायचं आहे. मग चाळीस जणांना चाळीस वेळा तेच सांगावं लागत नाही, आणि पेशंटचा फोन त्याच्या मुलांसाठी मोकळा राहतो.

खोलीतलं बोलणं आणि न बोलणं

दहा बाय बाराच्या बंद खोलीत, पांढऱ्या उजेडात, रात्री दर काही तासांनी कुणीतरी उठवत असताना कुणाचंही मन ढासळतं. स्टिरॉइड चालू असतील तर चिडचिड आणि झोप उडणं हे औषधानेही होतं. तो तुमच्यावर ओरडला तर ते मनाला लावून घेऊ नका. मात्र तो भलतंच बोलू लागला, वेळ-जागा विसरू लागला, तर तो थकवा नाही. ताबडतोब डॉक्टरांना सांगा.

दिवस आणि रात्र वेगळी राहील असं बघा. सकाळी पडदा उघडा, तारीख सांगा, दाढी करायची तर मशीनने, पात्याने नाही. ‘तू वाघ आहेस, लढ’ हे वाक्य मला कधीच आवडलं नाही. त्या माणसाला त्या दिवशी मान वर करवत नसते, आणि वाघ होण्याचं काम आपण त्याच्यावर टाकतो. त्याऐवजी ‘मी इथे आहे, तू झोप’ हे पुरतं. घरचं साधं सांगा: बागेत ऑक्टोबर छाटणी सुरू झाली, शेजारच्या काकूंनी नवी गाडी घेतली, गंगापूर धरण भरलं. उत्तर देण्याची गरज नसलेली बातमी सगळ्यांत चांगली. त्याला मरणाबद्दल बोलायचं असेल तर ‘असं अभद्र बोलू नको’ म्हणून तोंड बंद करू नका. ऐकून घ्या.

सोबत करणाऱ्याने स्वतःला सर्दी, ताप, जुलाब, नागीण यांतलं काही असेल तर खोलीत जायचंच नाही, कितीही वाटलं तरी. म्हणून दुसरा माणूस आधीपासून तयार हवा. नखं कापलेली, अंगठी-बांगड्या काढलेल्या, आणि प्रत्येक वेळी साबणाने कोपरापर्यंत हात. जेवण वेळेवर आणि रोज थोडी सलग झोप. तुम्ही आजारी पडलात तर पेशंट एकटा पडतो. घरात तान्हं बाळ असेल तर पोलिओचे थेंब पाजण्यापूर्वी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना विचारा. थेंबांतला विषाणू जिवंत असतो आणि तो बाळाच्या शीतून पेशंटपर्यंत पोहोचू शकतो. बाळासाठी इंजेक्शनची लस असते.

आणि दात्याला विसरू नका. चार-पाच दिवस इंजेक्शनं घेऊन, हाडं ठणकत असताना मशीनला काही तास जोडून घेऊन धाकट्या बहिणीने पेशी दिल्या, आणि नंतर तिच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही, असं घरोघरी होतं. पुढे जीव्हीएचडी झाला तर ‘माझ्या पेशींनी त्याला त्रास दिला’ हे तिच्या मनात घर करतं. तिला कुणीतरी बसवून सांगायला हवं की यात तिचा काहीही दोष नाही.

सुट्टीच्या आधी

डिस्चार्जची तारीख कळली की घराची तयारी सुरू करा. मुंबईत भाड्याची खोली घेतली असेल तर खिडकीत कबुतरं बसतात का ते आधी बघा. त्यांची विष्ठा बुरशीचं मोठं घर असते. नाशिकला परतणार असाल तर सिंहस्थाच्या कामांसाठी खोदलेल्या रस्त्यांची धूळ टाळायची, कारण खोदकामाच्या धुळीतून ॲस्परजिलस नावाची बुरशी फुफ्फुसात जाते. शेतकऱ्याचं घर असेल तर गोठा, शेणखताचा ढीग, ओला कडबा आणि फवारणी यांपासून डॉक्टर सांगतील तोपर्यंत लांब. पर्वणीची गर्दी, रंगपंचमीची रहाड (रंगाच्या पाण्याचा हौद), लग्नाचे हॉल, हेही पुढच्या वर्षासाठी. लहानपणी घेतलेल्या लसींचं संरक्षणही आता राहिलेलं नसतं. त्या काही महिन्यांनी पुन्हा नव्याने द्याव्या लागतात, आणि जिवंत विषाणूच्या लसी सर्वांत शेवटी, बहुधा दोन वर्षांनंतर.

सुट्टीच्या दिवशी घाईत सही करून निघू नका. कोणती गोळी किती वाजता, पुढचं रक्त कधी, लाइन आतून कोण धुणार, हे सिस्टरांसमोर एकदा वाचून दाखवा. रात्री दोन वाजता फोन उचलणारा नंबर कोणता ते विचारा, आणि नाशिकमध्ये कोणत्या हॉस्पिटलात आधी न्यायचं तेही त्याच डॉक्टरांकडून लिहून घ्या. थर्मामीटर १००.४ दाखवू लागला की अंगावर गार पट्ट्या ठेवत सकाळची वाट बघायची नाही, पॅरासिटॅमॉल द्यायचं नाही. आधी त्या नंबरवर फोन करायचा, फाइल उचलायची आणि निघायचं. अशा पेशंटला अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभराच्या आत मिळावा लागतो. गाडी कोण काढणार हे आजच ठरवून ठेवा.